इनटू द ब्रीच : कॅरम खेळणाऱ्या मावशीचा पहिला महिना

आधीच सांगते, मी गेमिंगवाली नाही. लॉकडाऊनमध्ये फोनवर थोडंफार बुद्धिबळ खेळले असेन, बाकी काही नाही. मी सांगलीत दहावीच्या मुलांना गणित शिकवते, रात्री साडेआठला शेवटची बॅच सुटते, मग जेवणं, मग ओटा आवरून झाला की जो तासभर उरतो तो माझा. गणपतीत भाचा आला होता पुण्याहून, तो म्हणाला, "मावशी, तू कॅरममध्ये एका फटक्यात दोन सोंगट्या घालायचीस ना, तसलाच एक गेम आहे, तुला शंभर टक्के आवडणार," आणि सेलमध्ये घेऊन माझ्या लॅपटॉपवर टाकूनच दिला. लॅपटॉप आठ वर्षं जुना आहे, त्यावर झूमचा क्लास चालू असला की पंखा घरघर करतो, पण हा गेम लोण्यासारखा चालला. डाउनलोड पण काहीशे एमबीचाच, नेट रडतखडत चालणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही.

गेमचं नाव इनटू द ब्रीच. 2018 साली आला, सबसेट गेम्सने बनवलाय, म्हणजे मुळात जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांनी. याच दोघांनी 2012 मध्ये एफटीएल नावाचा अंतराळयानाचा गेम काढला होता, त्यासाठी त्यांनी लोकांकडे 10,000 डॉलर मागितले होते आणि जमले दोन लाखांच्या वर, हे सगळं मला भाच्याने जेवताना ऐकवलं. इनटू द ब्रीचला 2018 च्या द गेम अवॉर्ड्समध्ये बेस्ट स्ट्रॅटेजी गेमचं बक्षीस मिळालंय. मला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि माहीत नसताना सुरू केलं तेच बरं झालं असं आता वाटतं.

गोष्ट अशी की पुढचा कुठला तरी काळ आहे, माणसांकडे चार मोठी बेटं उरलीत, प्रत्येक बेट एकेका कंपनीच्या ताब्यात आहे, आणि जमिनीखालून प्रचंड मोठे किडे वर येतात, त्यांना म्हणतात व्हेक. आपल्याकडे तीन मेक असतात, मेक म्हणजे माणूस आत बसून चालवतो तो अवाढव्य यंत्रमानव. आपण भविष्यातून मागे आलेलो असतो, कारण तिकडे सगळं संपलंय, आणि इथे तरी वाचवता येतंय का बघायचं. एवढीच गोष्ट. ज्यांना लांबलचक कथा लागते त्यांची निराशा होईल, पण जी आहे ती नुसती सांगितलेली नाही, खेळताना ती आपल्याला लागते, ते पुढे येईलच.

पट बुद्धिबळाचाच, आठ बाय आठ, 64 घरं. त्यावर डोंगर, पाणी, जंगल, आणि मधेमधे बिल्डिंगा. त्या बिल्डिंगा म्हणजे वस्ती, लोक राहतात तिथे, आणि त्याच बिल्डिंगांवर आपली वीज चालते. वरती डाव्या कोपऱ्यात ग्रिडच्या पट्ट्या दिसतात, सुरुवातीला 5 असतात, जास्तीत जास्त 7 होतात, एका बिल्डिंगला एक फटका बसला की एक पट्टी गेली. शून्य झालं की खेळ खल्लास, मग तुमचे मेक कितीही ठणठणीत असोत. ज्यांनी लोडशेडिंगचे दिवस काढलेत, परीक्षेच्या आदल्या रात्री लाईट गेल्यावर कंदिलाची काच पुसलीय, त्यांना त्या पट्ट्यांकडे बघून काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा, आणि या गेमचा जीव इथे आहे. प्रत्येक टर्नला आधी किडे हलतात आणि कुठे मारणार ते दाखवतात. दाखवतात म्हणजे अगदी स्पष्ट, लाल खूण येते, या घरावर, इतका मार. पण लगेच मारत नाहीत. मग आपली पाळी, तिन्ही मेक हलवायचे, प्रत्येकाने एक वार करायचा. आणि मग किडे जे ठरवलं होतं ते करतात, पण *जिथे असतील तिथून*. म्हणजे किड्याला तुम्ही एक घर डावीकडे सरकवलंत तर त्याची दिशा तीच राहते, जागा बदलते, आणि तो वार बिल्डिंगऐवजी शेजारच्या रिकाम्या घरावर, किंवा डोंगरावर, किंवा दुसऱ्या किड्यावरच पडतो.

हे वाचताना सोपं वाटतं. मला वाचून कळलं होतं, हाताला कळायला चार दिवस गेले.

पहिले चार दिवस मी नुसती मारत सुटले होते. समोर किडा दिसला की मेक नेला, ठोसा मारला, आणि त्यात पण एखादा मेला की बरं वाटायचं. पण किड्यात तीन जीव, माझ्या ठोशात दोन, म्हणजे एक उरायचा, आणि तो उरलेला एकवाला किडा बिल्डिंग पाडायचाच. शिवाय दर टर्नला जमिनीतून नवीन येतच असतात, कितीही मारा. पहिल्या बेटावर तिसऱ्याच लढाईत ग्रिड शून्य. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तसंच. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मावशी, मारू नकोस गं, सरकव. आणि आधी नुसतं बघ दोन मिनिटं, हात लावू नकोस." मी वर्गात मुलांना हेच सांगते, गणित नीट वाच, काय दिलंय आणि काय काढायचंय ते आधी लिही. तर म्हटलं, आपणही वाचूया.

आणि मग मला कॅरम दिसायला लागला. माहेरी मिरजेला आमच्या माडीवर बोर्ड होता, उन्हाळ्यात दुपारभर पावडर आणि टकटक चालायची, आणि वडील एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे की सोंगटी घालणं हा अर्धाच खेळ, ती घालताना बाकीच्या कुठे जाऊन बसतात तो उरलेला अर्धा. नवखा माणूस पॉकेटकडे बघतो, मुरलेला आख्ख्या बोर्डाकडे. या गेममध्ये तंतोतंत तेच आहे. तुमचा फटका किती जोरात बसला यापेक्षा त्यानंतर कोण कुठल्या घरात गेलं हे महत्त्वाचं. किड्याला किड्यावर ढकललं तर दोघांना एकेक मार. डोंगरावर ढकललं तरी मार. पाण्यात ढकललं तर बुडाला, जीव किती का असेनात. जमिनीतून जिथून नवा किडा येणार ते भोक एक टर्न आधी दिसतं, त्यावर आपला मेक नेऊन उभा केला तर मेकला एक मार बसतो पण किडा वर येत नाही, आणि मेकऐवजी दुसरा किडाच त्या भोकावर ढकलून ठेवला तर मार त्याला आणि रस्ता पण बंद! हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटीच टाळी वाजवली होती, रात्री अकराला, आमचे हे उठून बघायला आले काय झालं म्हणून.

एक टर्न जरा सविस्तर सांगते, कारण त्याशिवाय कळायचं नाही की हा गेम नेमका काय करतो.

पहिलं बेट, आर्काइव्ह नावाच्या कंपनीचं, हिरवंगार, जुन्या पृथ्वीसारखं जपलेलं. माझ्या ग्रिडच्या दोन पट्ट्या शिल्लक. पटावर तीन किडे. एक फायरफ्लाय, तो सरळ रेषेत थुंकतो, त्याचा नेम उजवीकडच्या बिल्डिंगवर. एक हॉर्नेट, म्हणजे उडणारी गांधीलमाशी, ती दुसऱ्या बिल्डिंगला चिकटून नांगी उगारून बसलेली, तिच्यात मागच्या टर्नला मी मारलं होतं म्हणून एकच जीव उरलेला. आणि एक स्कॅरब, तो लांबून तोफेसारखा गोळा टाकतो, तिसऱ्या बिल्डिंगवर. तीन किडे, तीन बिल्डिंगा, माझ्याकडे दोन पट्ट्या. शिवाय वरच्या बाजूला एक नवीन भोक. माझे तीन मेक, त्यातला ठोसेवाला कॉम्बॅट मेक इतका लांब की कुठल्याच किड्यापर्यंत पोचत नाही.

दहा मिनिटं नुसती बघत बसले. चहा गार झाला. आधी वाटलं एक बिल्डिंग जाणारच, कुठली जाऊ द्यायची एवढंच ठरवायचं. मग दिसलं की स्कॅरबच्या मागे पाणी आहे. तोफवाल्या मेकचा गोळा ज्या घरावर पडतो त्याच्या चारी बाजूंच्या घरातलं जे असेल ते बाहेर ढकललं जातं, म्हणजे स्कॅरबवर गोळा टाकायचाच नाही, त्याच्या अलीकडच्या रिकाम्या घरात टाकायचा. टाकला. स्कॅरब एक घर मागे, थेट पाण्यात. एक गेला, त्याला हातही न लावता. कॅरममध्ये क्वीन अडकलेली असते तेव्हा आपण तिला न मारता शेजारच्या सोंगटीला कट देतो ना, तसं.

मग फायरफ्लाय. रणगाडा मेक खालून आणला, त्याच्या गोळ्याने फायरफ्लायला एक मार आणि वरच्या ओळीत एक घर ढकललं. फायरफ्लायचं तोंड अजून उजवीकडेच, पण आता त्या ओळीत उजवीकडे कोण होतं? हॉर्नेट! लाल खूण बिल्डिंगवरून उठून हॉर्नेटवर जाऊन बसली. आणि लांबचा ठोसेवाला मेक, ज्याचा काहीच उपयोग नाही असं मला वाटत होतं, तो भोकावर नेऊन उभा केला. टर्न संपवला. फायरफ्लाय थुंकला, हॉर्नेट मेली, तिची नांगी उगारलेलीच राहिली, भोकातून कोणी आलं नाही, तिन्ही बिल्डिंगा जागेवर. एकाच टर्नमध्ये. माझ्या तीन मेकपैकी एकानेही स्वतःच्या माराने एकही किडा मारला नाही त्या टर्नला.

त्या क्षणी मला जे वाटलं ते मी बऱ्याच वर्षांत अनुभवलं नव्हतं. भूमितीची अवघड रचना, जिच्याकडे तुम्ही दोन दिवस बघताय, आणि अचानक एक रेघ कुठे काढायची ते दिसतं, तसं.

यात एक खाच आहे ती नवीन खेळणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. किडे सगळे एकदम वार करत नाहीत, क्रमाने करतात. वरच्या डावात फायरफ्लायचा नंबर हॉर्नेटच्या आधी होता म्हणून जमलं. आल्ट बटण दाबून धरलं की प्रत्येक किड्यावर त्याचा नंबर दिसतो. मला हे माहीत नव्हतं तेव्हा असाच एक सुंदर डाव रचला होता मी, एक किडा दुसऱ्याला मारणार म्हणून निर्धास्त टर्न संपवला, आणि ज्याला मरायचं होतं त्याचा नंबर आधी, त्याने बिल्डिंग पाडली आणि मग मेला. चूक माझीच होती, बघितलं असतं तर दिसलं असतं. आणि हेच मला या गेममध्ये सगळ्यात जास्त भावतं, की हरलात तर कुणाला बोल लावायला जागा नाही. फासा पडला नाही, पत्ते वाईट आले, असं काही नसतं, तुमचा नेम चुकतच नाही, मार ठरलेला असतो, सगळं आधी समोर मांडलेलं असतं.

एक अपवाद आहे, तो सांगायलाच हवा. ग्रिड डिफेन्स म्हणून एक आकडा असतो, सुरुवातीला 15 टक्के, म्हणजे बिल्डिंगवर वार झाला तरी शंभरातल्या पंधरा वेळा ती तग धरते. त्यावर भरवसा ठेवून डाव रचू नका. पण एकदा, शेवटची पट्टी होती आणि मला दुसरा मार्गच सापडला नाही, मी टर्न संपवला आणि डोळे मिटून घेतले आणि माझी मुलगी ओरडली, "आई, वाचली वाचली!" बिल्डिंग उभी होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मुलीचं आलं म्हणून सांगते. ती नऊ वर्षांची आहे, शेजारी बसून बघते, आणि तिला लढाईत काही रस नाही, तिला आगगाडी हवी असते. एका मोहिमेत एक मालगाडी असते, ती प्रत्येक टर्नला दोन घरं पुढे जाते आणि तिला पटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत सुखरूप पोचवायचं असतं. तिला मार बसू द्यायचा नाही, आणि तिच्या वाटेत पण काही उभं राहू द्यायचं नाही, नाहीतर ती धडकून मोडते. मी किड्यांकडे इतकी बघत होते की माझा स्वतःचाच मेक रुळावर उभा आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, टर्न संपवायला बोट उचललं होतं, मुलगी म्हणाली, "आई, तुझा माणूस रुळावर आहे." तेव्हापासून टर्न संपवायच्या आधी मी तिला विचारते, काय राहिलंय का. चार डोळे दोनापेक्षा बरे, खरंच.

सुदैवाने चुका सुधारायची थोडी सोय ठेवलीय. मेक हलवला आणि वार केला नसेल तर ती चाल मागे घेता येते, कितीही वेळा. आणि प्रत्येक लढाईत एकदाच, फक्त एकदाच, आख्खा टर्न पहिल्यापासून करता येतो. ही एकदाची सोय वापरायची कधी हाच एक निर्णय असतो, मी सुरुवातीला पहिल्याच टर्नला उडवून मोकळी व्हायचे आणि चौथ्या टर्नला हळहळायचे. लढाया छोट्या असतात, चार-पाच टर्न टिकलात की उरलेले किडे जमिनीत परत जातात, म्हणजे सगळ्यांना मारायचं असतंच असं नाही. टिकायचं. माझ्यासारख्या तासभर वेळ असणाऱ्या बाईला हे फार सोयीचं आहे, दोन लढाया झाल्या की बंद करायचं, दुसऱ्या दिवशी जिथे होतं तिथून चालू.

मेकच्या आत जे पायलट असतात त्यांच्याबद्दल. पहिल्या तुकडीत राल्फ कार्लसन नावाचा एक पायलट मिळतो, किडा मारला की त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त अनुभव मिळतो. सुरुवातीला मला तो एक चेहरा होता, बास. मग ग्रिड शून्य झालं की गेम विचारतो, कोणाला घेऊन जायचं? म्हणजे हे जग तर गेलं, पण वाचलेल्यांपैकी एक पायलट दुसऱ्या काळात पाठवता येतो, तो जे शिकला ते बरोबर घेऊन जातो, बाकीचे तिथेच राहतात. मी राल्फला चार वेळा नेलंय. चार जगं बुडालेली बघून आलेला माणूस आहे तो, आणि पाचव्यात मी त्याला पहिल्या मेकमध्ये बसवलं तेव्हा मला खरोखर वाटलं की याच्यासाठी तरी या वेळी नीट खेळायला हवं. बिल्डिंगांमधून लोकांची छोटी छोटी वाक्यं येतात, मेक दिसले की त्यांना हायसं वाटतं. तेवढ्यावर ती बिल्डिंग ही नुसती पट्टी राहत नाही, कुणाचं तरी घर होते. मी गोष्ट लागते म्हटलं ते याच्याचमुळे.

पाचव्या खेपेला राल्फ मेला. ग्रिडची एक पट्टी वाचवायची म्हणून मी त्याचा मेक मुद्दाम किड्याच्या वाटेत उभा केला होता, मेकवर बसलेला मार ग्रिडला लागत नाही ना, म्हणून हा डाव मी नेहमी करते, पण तो आधीच दोनदा मार खाऊन बसला होता हे हिशेबात धरलं नाही. मेक पुढच्या लढाईला दुरुस्त होऊन येतो, पायलट येत नाही, त्याच्या जागी एक संगणक बसतो जो काही शिकत नाही. तो रिकामा चौकोन बघायला अजून बरं वाटत नाही. मार खाण्याआधी वार सोडून मेक दुरुस्त करता येतो, एक जीव परत मिळतो, हे मला माहीत होतं आणि मी केलं नाही.

बाकी झटपट सांगते. प्रत्येक बेटावर चार लढाया आणि मग कंपनीच्या मुख्यालयावर मोठा हल्ला. लढाईत जोडीला छोटी छोटी कामं असतात, अमुक बिल्डिंग वाचवा, इतके किडे मारा, ती केली की स्टार मिळतात, बेट संपल्यावर त्या स्टारांवर शस्त्रं, ग्रिड किंवा रिअॅक्टर कोअर घ्यायचे, कोअर म्हणजे मेकची ताकद वाढवायची पुंजी. नवीन माणसाला मी सांगेन, शस्त्रांच्या मोहात पडू नका, आधी कोअर घ्या आणि ग्रिड चारच्या खाली असेल तर ग्रिड. आकाशातून कधीकधी टाइम पॉड पडतो, तो किड्याने तुडवायच्या आत आपल्या मेकने उचलायचा, त्यात कोअर असतो आणि नशिबात असेल तर नवा पायलटही निघतो. दोन बेटं वाचवली की शेवटची मोहीम उघडते, चारही करायची सक्ती नाही.

दुसऱ्या बेटावर, आरएसटीच्या वाळवंटात, वाळूच्या घरावर मार बसला की धूर होतो आणि धुरात कोणालाच वार करता येत नाही, किड्यालाही नाही आणि तुम्हालाही नाही. पहिले दोन दिवस मी त्या धुराला वैतागले, नंतर तोच माझा सगळ्यात लाडका बचाव झाला. पिनॅकलचं बर्फाचं बेट तिसरं, तिथे मी अजून नवीन आहे. चौथं डेट्रिटसचं, ते उघडलंय पण पाय ठेवलेला नाही.

खटकलं काय ते पण सांगते. भाषा इंग्रजीच वापरावी लागते, मराठी-हिंदी नाही. वाक्यं छोटी आहेत त्यामुळे मुलीला पण हळूहळू वाचता येतात, पण शस्त्रांची वर्णनं इतकी तोकडी आहेत की विकत घेतल्यावर कळतं नेमकं काय होतं. सुरुवातीचा धडा हलणं-मारणं शिकवतो, पण सरकवणं हाच खेळ आहे हे ठासून सांगत नाही, ते तुम्हालाच उमगावं लागतं, माझे चार दिवस त्यातच गेले. सायन नावाचे उडते किडे असतात, ते स्वतः काही करत नाहीत पण सगळ्या किड्यांना काहीतरी ताकद देतात, एक जीव वाढवतात किंवा जखमा भरून काढतात, ते पटावर दिसले की आधी त्यांच्यावर माउस नेऊन वाचा, मला हे फार उशिरा कळलं. आणि ते पाण्यात बुडत नाहीत, उडणारे आहेत, हॉर्नेटही बुडत नाही, मी तिला दोनदा पाण्यावर ढकलून ठेवलं आणि ती तिथेच फडफडत बसली.

आणि नॉर्मलवर सुरू करू नका. इझी ठेवा, कमी किडे येतात, विचार करायला जागा मिळते. माझ्या मुलांना मी पहिल्या दिवशी प्रमेय देत नाही, तसंच हे. मी इझीवर दोन बेटं करून शेवटची मोहीम जिंकले ती एकविसाव्या दिवशी, गुहेत एक बॉम्ब वाचवायचा असतो तो फुटेपर्यंत, शेवटच्या टर्नला माझे दोन मेक पडलेले होते आणि तिसरा बॉम्बच्या पुढ्यात भिंतीसारखा उभा. मुलगी झोपली होती, तिला सकाळी सांगितलं, ती रुसली की उठवलं का नाहीस.

संगीत बेन प्रंटी यांचं आहे, कान देऊन ऐका, लढाईचं असूनही अंगावर येत नाही, विचार करताना मागे वाजत राहतं. पैशाचं म्हणाल तर लाँचच्या वेळी 15 डॉलरला होता, सेलमध्ये बराच खाली येतो, आणि 2022 मध्ये अॅडव्हान्स्ड एडिशन म्हणून मोठी भर आली ती सगळ्यांना फुकट दिली, पाच नव्या तुकड्या, नवे किडे, नव्या मोहिमा, नवे पायलट. मूळच्या आठ आणि या पाच, प्रत्येक तुकडीची खेळायची तऱ्हा वेगळी. नवीन माणसाने ही भर आधी बंद ठेवावी असं माझं मत, मूळ खेळच महिनाभर पुरतो.

कोणी घेऊ नये? ज्यांना पटापट बटणं दाबून मोकळं व्हायचंय त्यांनी नको, इथे दहा मिनिटं काही न करता बसावं लागतं. ज्यांना मोठं साम्राज्य वाढवायचंय, शंभर ग्रह जिंकायचेत, त्यांनी पण दुसरं काही बघा, इथे 64 घरांच्या बाहेर काही नाही. पण ज्यांच्या घरी माळ्यावर कॅरम बोर्ड उभा करून ठेवलाय आणि चार माणसं जमत नाहीत म्हणून तो खाली येत नाही, त्यांनी नक्की घ्या.

सध्या मी रस्टिंग हल्क्स नावाची दुसरी तुकडी उघडलीय, ती धुरावरच चालते. काल रात्री बॅच उशिरा सुटली म्हणून एक लढाई अर्धवट ठेवून झोपले. तिसरा टर्न आहे, ग्रिड एक, चार किडे, त्यातला एक बीटल माझ्या मेकवर धावून येणार आणि मेकच्या मागे बिल्डिंग. सकाळपासून, भाजी चिरताना, फळ्यावर वर्तुळ काढताना, तेच डोळ्यासमोर आहे. मला वाटतं मेक बाजूला घेऊन बीटलला आडव्या ओळीत सरकवलं तर तो डोंगरावर जाऊन आपटेल, पण मग धूर कुठे सोडायचा ते अजून सुटत नाहीये. मुलीने वहीच्या मागच्या पानावर आठ बाय आठचा चौकोन आखून दिलाय, त्यावर मांडून बघतेय.